ताकाचा हात

खांद्यावर कासऱ्यांचं भलंमोठं भेंडोळं टाकून तो शाळेच्या फाटकातून आत आला, तेव्हा मी त्याला बैलबाजाराची वाट दाखवली.

"बाजार मागं राहिला, दादा. पंपाच्या पलीकडं."

तो थांबला. आधी स्वतःच्या खांद्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. हसू दाबताना त्याच्या डाव्या गालाला बारीकशी खळी पडली.

"बैल न्हाई घ्यायचे, मॅडम. मुलींना कराटे शिकवायला आलोय. दर बुधवारी. हेडसर बोलले नाहीत का?"

"बोलले होते... पण कराट्याला कासरा?"

"कळंल की." चार पावलं जाऊन तो मागं वळला. "वाट मात्र बरोबर सांगितलीत. हे मी तिकडूनच आणलेत."

माझ्या कानाच्या पाळ्या तापल्या. हातातली हजेरी उलटी धरली होती, तेही मला वर्गात गेल्यावर कळलं.

मी सत्यशीला. तेलगावच्या एका खाजगी शाळेत पाचवी ते आठवीला मराठी शिकवते. घर वडवणीच्या अलीकडं, फाट्यावर एसटीतून उतरून दीड किलोमीटर आत, शेतातल्या आखाड्यावर. वाटेच्या एका अंगाला ऊस, दुसऱ्या अंगाला कापूस. अण्णा बकऱ्या पाळतात, दोन एकर कापूस करतात. पहाटे तुळशीला पाणी, देवीपुढं दिवा, नामाची एक माळ... एवढं झालं की मला वाटायचं, आज आपल्याला काही होणार नाही.

त्या वर्षी दिवाळीनंतर मात्र तसं वाटेनासं झालं.

फाट्यावर एक पांढरी जीप उभी राहू लागली. आत विजयसिंह. भाऊसाहेबांचा पुतण्या. भाऊसाहेब म्हणजे आमच्या भागातले पुढारी. आमच्या बकऱ्या ज्या गायरानात चरतात तिथंही त्यांचाच शब्द चालतो. पहिले काही दिवस विजयसिंह नुसता बघायचा. मग जीप माझ्या शेजारून, माझ्याच चालीनं चालायला लागली.

"बाई, सोडू का घरी?"

मी खाली मान घालून चालायची. तो हसायचा. दीड किलोमीटर ते इंजिन माझ्या खांद्याशी गुरगुरत राहायचं, आणि घर दिसलं की जीप वळून जायची. त्यानं बोटही लावलं नव्हतं. मग सांगायचं काय? आणि सांगितलं असतं तर आई एकच म्हणाली असती, 'बस झाली नोकरी.' दोन महिन्यांत मला उजवून टाकलं असतं. ती शाळा सुटली असती तर माझं म्हणावं असं माझ्याजवळ काय उरलं असतं? म्हणून मी गप्प राहिले. रोज संध्याकाळी एसटी फाट्याजवळ आली की मी खिडकीतून पांढरी जीप शोधायची. रोज.

*

कराट्याच्या वर्गाला मुली सत्तावीस होत्या. जोड्या लावल्या की आठवीतली सायली एकटी उरायची. तिच्या जोडीला मी उभी राहिले. साडीचा पदर खोचून.

कराटेवाले अंगदसर कुणाच्या हाताला हात लावत नसत. मुलींनाही एकमेकींचे हात धरू देत नसत. "नखं लागतात, भांडणं होतात, मग घरचे येतात," म्हणायचे. कासऱ्याचा एक वेढा मनगटाला, दुसरं टोक जोडीदारणीच्या हातात. मुलींना तर मजाच वाटली.

त्यांनी एकच हालचाल दाखवली. एक हात पुढं. मनगट फिरवायचं, मूठ मिटायची आणि ती झटक्यात कमरेशी आणायची. त्याच क्षणी दुसरी मूठ पुढं जाते. कासरा मनगटावरून सटकन निसटतो.

"सर, ह्याचं नाव काय?"

"जपानी नाव हाय. सांगितलं तर तुमी नाव पाठ करताल अन् हात विसरून जाताल."

"सर," सायली म्हणाली, "हे तर ताक घुसळल्यावानी हाय!"

मुली खो खो हसल्या. मला वाटलं, आता हे रागावणार. पण ते क्षणभर विचारात पडले. रवीची दोरी धरल्यासारखे दोन्ही हात मागं-पुढं करून बघितले.

"हाय की खरंच. मग आजपासून हा ताकाचा हात. मी दुसरं काही शिकवणार न्हाई. दर बुधवारी तुमी ह्याच हाताचा एक नवा उपयोग शोधून आणायचा. तुमीच मला शिकवायचं."

पुढच्या बुधवारी मुलींनी अंगण दणाणून सोडलं. एकीनं ओढणी धरणाऱ्याची ओढणी परत ओढून दाखवली. दुसरी म्हणाली, मागं जाणारा हात म्हणजे कोपर, मागून कुणी आलं तर थेट त्याच्या पोटात. "भाऊ मोबाईल हिसकतो ना सर, त्याच्यावर करून बघितलं," सायली म्हणाली, "दोन दिस जेवला न्हाई."

"मॅडम, तुमचा उपयोग?" अंगदसरांनी अचानक माझ्याकडं वळून विचारलं.

"मी विद्यार्थिनी नाही, सर."

"मग कासरा कावून धरलाय?"

मुली तोंडावर हात ठेवून हसायला लागल्या. मी गोंधळले, आणि सुचेल ते बोलले. "शेळी दुसऱ्याच्या बांधाला चिकटली की तिला मागं घेताना... असाच हात येतो."

"तुमच्याकडं बकऱ्या हायेत?"

"तीस."

"आमच्याकडं चाळीस. चौसाळ्यापाशी." त्यांचा चेहरा एकदम शाळकरी पोरासारखा उजळला. "म्हणजे मी दहानं पुढं."

"आमच्यातल्या सात गाभण आहेत," मी म्हटलं. "थोडं थांबा."

बोलून गेले आणि माझीच मला लाज वाटली. मी, जी दुकानदाराशीही खाली बघून बोलते!

तिसऱ्या बुधवारी एकादशी होती. मधल्या सुट्टीत मी पारावर एकटीच बसले होते. ते आले, दस्तीत बांधलेली बोरं पारावर ठेवली आणि दोन हात लांब बसले.

"एकादशीला चालतात का?"

"चालतात. पण दुसऱ्याच्या झाडाची नाही."

"झाड आमचंच हाय. पटत नसंल तर आमच्या बकऱ्यांना विचारा." मग खाली बघत म्हणाले, "एक सांगू का... त्या दिवशी फाटकात तुमी मला दादा म्हणालात. तेवढं परत घेता आलं तर बघा."

मी एक बोर उचललं. आंबट होतं, गोडही होतं. त्या दुपारी पहिल्यांदा मला संध्याकाळची एसटी आठवली नाही.

पण संध्याकाळ कुणाच्या आठवण्यावर थोडीच थांबते?

*

पुढचा मंगळवार. फाट्यावर मी उतरले, एसटी निघून गेली. जीप आज आडवी लावलेली. मी कडेनं जाऊ लागले तर खिडकीतून हात बाहेर आला आणि माझं मनगट धरलं.

ताकाचा हात! मनात शब्द आले, स्पष्ट आले. हात मात्र आला नाही. कासरा थंड असतो, खरखरीत असतो. हा हात गरम होता. घामट होता. आणि त्याला बोटं होती. माझं सगळं अंग त्या पाच बोटांपाशी गोळा होऊन थिजून गेलं. ओरडावं म्हटलं, तर ओरडताही आलं नाही.

"एवढं काय भ्यायचं?" विजयसिंह हळू आवाजात म्हणाला. जणू माझी समजूत काढत होता. "शुक्रवारी न्यायला येतो. नटून ये."

मागून ट्रॅक्टरचा आवाज आला तेव्हा त्यानं सोडलं. मी कशी चालले, कधी पोचले, आठवत नाही. मनगटावर लाल वळ उठले होते. मी बांगड्या पुढं सारल्या.

"हात कावून झाकायलीस गं?" आईनं विचारलं.

"थंडी वाजती."

खोटं बोलले. देवीपुढं दिवा लावताना काडी तीनदा विझली.

*

बुधवारी वर्ग संपला, मुली पळाल्या. खिचडीच्या शेडमध्ये विमलबाई पातेली घासत होती. सगळी शाळा तिला मावशी म्हणते, हेडसरसुद्धा. अंगदसर कासरे गुंडाळत होते. मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले. बांगड्या मागं सारल्या.

त्यांनी वळ बघितले. चेहऱ्यावरचं हसू एकदम विझलं.

"कोण?"

मी सांगितलं. सगळं. जीप, गायरान, शुक्रवार. बोलताना मी त्यांच्या चपलांकडं बघत होते. "हात आलाच नाही, सर. इतक्या वेळा केला होता... आलाच नाही."

ते म्हणाले, "मी येतो शुक्रवारी फाट्यावर."

"आणि शनिवारी? सोमवारी?"

ते पुन्हा कासरा गुंडाळू लागले.

"माझा हात धरा," मी म्हटलं.

"क्... काय?"

"कासरा नको. हात धरा. त्यानं धरला तसा. मला सुटून बघायचंय."

ते दोन पावलं मागं सरले. "न्हाई. ते माझ्याच्यानं न्हाई व्हायचं, मॅडम." आणि मग, कासऱ्याच्या गाठीशी चाळा करत, त्यांनी सांगितलं. दोन वर्षांमागं दुसऱ्या एका गावात, उभं राहायची पद्धत सुधारावी म्हणून एका मुलीच्या खांद्याला हात लावला होता, सगळ्यांदेखत. आठ दिवसांत त्याची गोष्ट झाली. तीन शाळा सुटल्या. त्यांची आई महिनाभर दारात आली नाही. "तवापासनं कासरा. चूक माझीच हाय. मला भ्या वाटतं म्हणून मी तुमच्या हातात दोरी दिली. अन् दोरी कुणाला धरत न्हाई."

"अरे, धर की रे!" शेडमधून विमलमावशी ओरडली. आम्ही दोघंही दचकलो. "मी हाय ना हितं बसलेली? धर! तिच्या हाताला काय इंगळी हाय का, डसायला?"

अंगदसरांनी दोनदा हात पँटला पुसला. मग माझं मनगट धरलं... इतकं हलकं, की पाखरू धरलं असावं.

"घट्ट," मी म्हटलं.

बोटं आवळली. आणि मी पुन्हा थिजले. हा हात अंगदसरांचा आहे, मला माहीत होतं. तरी डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी लगेच सोडलं. मी मान हलवली. पुन्हा. पुन्हा थिजले. पुन्हा. सातव्या वेळी कुठं मूठ मिटली, मनगट फिरलं, हात मागं आला... आणि अर्ध्यात अडकला. त्यांनी नुसतं स्वतःकडं ओढलं होतं.

"बघा," ते हताश होऊन म्हणाले. "तो बापई माणूस हाय. तुमी एका ताकदीनं ओढणार, तो दोन ताकदीनं. सुटणार कसं?"

मावशी पातेलं पालथं घालत पुटपुटली, "ताक ताक करता अन् ताक कुणाला घुसळता येईना."

आईच्या हाताखाली मी सातव्या वर्षापासून ताक घुसळलेलं. डोळे मिटले आणि माझे हात आपोआप मागं-पुढं झाले. काहीतरी चुकत होतं. आमच्या ताकाच्या हातात काहीतरी नव्हतंच.

"सर... ताक घुसळताना दोरी सोडत नाहीत."

"म्हंजे?"

"मूठ मिटलेली असते ना, ती दोरीवर मिटलेली असते. मागं येते ती दोरी घेऊन येते. आपण रिकामी मूठ कमरेशी आणतोय. तिच्यात काहीतरी असायला पाहिजे."

ते माझ्याकडं बघतच राहिले.

मी म्हटलं, "धरा." त्यांनी धरलं. या वेळी मी सुटायला बघितलंच नाही. मनगट फिरवलं, तळवा त्यांच्या बाहीवर पालथा पडला, बाही मुठीत आली, आणि ती मूठ मी कमरेशी आणली. अंगदसर दाणकन पुढं आले. तोल जाऊन, वाकून, त्यांचा हात सरळ ताठ माझ्या कमरेपाशी अडकलेला. माझी दुसरी मूठ त्यांच्या हनुवटीखाली.

"सात वर्सं..." त्या वाकलेल्या अवस्थेतच ते म्हणाले, "सात वर्सं करतोय मी हे. मूठ बंद का असती, मला कुणी सांगितलं न्हाई."

"सोड आता त्याला," मावशी म्हणाली. "जेवायचाय तो."

मी सोडलं. दोघांनाही दम लागला होता. ते बाही सरळ करत होते आणि मी उगीच पदर. त्यांचे कान लाल झाले होते.

"पण सर, हे सुटणं नाही. धरणं आहे. ज्याची भीती वाटते त्यालाच धरून ठेवायचं. जवळ."

"व्हय," ते हळूच म्हणाले. "मलाबी त्याचंच भ्या वाटतंय."

*

दुसऱ्या दिवशी मार्गशीर्षातला गुरुवार. मी कलश मांडला, पाच फळं मांडली, कहाणी वाचली. ओळी दिसत होत्या, अर्थ लागत नव्हता. 'उद्या काही होऊ देऊ नको' असं मागणार होते. तोंडून निघालं ते वेगळंच. 'आई, उद्या हात येऊ दे.'

शुक्रवारी सकाळी वाटलं, ताप आला म्हणून सांगावं. घरी राहावं. पण मग शनिवार होताच. आणि सोमवार.

साडेपाचला एसटी थांबली. कंडक्टरनं दोरी ओढली, बस गेली. धूळ खाली बसली तशी जीप दिसली. ऊन कलतं झालं होतं. कापूस वेचून परतणाऱ्या बायका लांब वळणावर दिसत होत्या, डोक्यावर पांढरी गठुडी. फार लांब होत्या. इथं पोचायला त्यांना पाच मिनिटं तरी लागणार होती.

जीप माझ्या बाजूला येऊन थांबली. इंजिन चालूच.

"नटली न्हाईस?" विजयसिंहचा हात खिडकीतून बाहेर आला.

गरम. घामट. पाच बोटं.

नाम घ्यायला गेले तर नामही आठवेना. आणि तेवढ्यात मनगट आपणहून फिरलं. तळवा पालथा पडला. त्याच्या शर्टाची बाही मुठीत आली, कडक इस्त्रीची, आणि ती मूठ मी कमरेशी आणली. होतं नव्हतं तेवढं बळ लावून. त्याचा खांदा खिडकीच्या कडेवर आपटला. हात कोपरापासून ताठ बाहेर. डाव्या हातानं मी दाराची कड गच्च धरली.

तो आधी हसला. मग ओढून बघितलं. मग हसू गेलं.

"सोड."

मी सोडलं नाही.

"ए, सोड! येडी झालीस का? कुणाच्या अंगाला हात लावतीस, ठावं हाय ना?"

ठावं होतं. त्यानं डाव्या हातानं गिअर टाकला. जीपनं हिसका दिला, मी दोन पावलं फरफटले, एक चप्पल सुटली. आता चाकाखाली जाणार, वाटलं. डोळे गच्च मिटले. मूठ तेवढी उघडली नाही. जीपनं आचका दिला आणि इंजिन बंद पडलं.

एकदम शांत झालं. त्या शांततेत मला माझाच आवाज ऐकू आला. मी ओरडत होते. कधीपासून, कोण जाणे.

बायका पळत आल्या. पुढं बायडाबाई, साठीची, आमच्या शेजारच्या आखाड्यावरची. तिनं एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा त्या अडकलेल्या हाताकडं.

"कोण हाय गं? भाऊसाहेबाचा पुतण्या का?"

"मावशी, हिला सांगा सोडायला," तो म्हणाला. आवाज पार बारीक झाला होता. "गैरसमज झालाय."

"कुणाचा? तुझा का हिचा?" बायडाबाईनं डोक्यावरचं कापसाचं गठुडं जीपच्या बोनेटवर दाणकन ठेवलं. तिच्या मागं दुसरीनं ठेवलं, तिसरीनं ठेवलं. समोरची काच पांढरी झाली. "हं. आता चालव."

बारा बायका जीपभोवती उभ्या राहिल्या. कुणी शिवी दिली नाही, हात उगारला नाही. नुसत्या बघत राहिल्या. विजयसिंहनं मान खाली घातली.

"सोड आता, माय," बायडाबाई माझ्या कानाशी म्हणाली. "बघितलं आमी समद्यांनी."

माझी बोटं उघडेनात. तिनं ती एकेक करून सोडवली.

*

त्या संध्याकाळी सगळं घरी कळलं. सकाळी अण्णा आणि बायडाबाई माझ्याबरोबर पोलीस ठाण्यात आले. मी तक्रार लिहून दिली. दुपारी भाऊसाहेबांचा माणूस आला, सुग्रीव. ओट्यावर अण्णांच्या शेजारी बसून चहा प्याला.

"पोरगी शहाणी हाय, गहिनीनाथ. जरा समजावा. कागूद मागं घ्या. गायरान काय, समद्यांचंच हाय... सध्या तरी."

अण्णांनी कपबशी उचलून आत नेली.

तो गेल्यावर आई रडली. "बस झाली नोकरी. जीव हाय तर समदं हाय." भीती मलाही होतीच.

अण्णा काठीला टेकून बसले होते. मग मला विचारलं, "तुझी एसटी कितीला येती?"

"साडेपाच."

एवढंच. सोमवारी संध्याकाळी मी फाट्यावर उतरले तर रस्त्याच्या कडेला आमच्या तीस बकऱ्या. मधोमध अण्णा, खांद्यावर घोंगडी.

"गायरानात न्हाई चारायचं म्हणत्यात ना? न्हाई चारत. हा सरकारी रस्ता हाय." आणि पुढं चालू लागले. मी त्यांच्या मागं. बकऱ्या माझ्या मागं.

जीप दिसली नाही. पण कुठल्याही गाडीचा आवाज आला की अण्णांची काठी वर उचलली जायची.

त्या बुधवारी अंगदसर शाळेत आले तेव्हा मुलींना सगळं कळलेलंच होतं. सायलीनं उभं राहून माझी सगळी गोष्ट करून दाखवली, जीपसकट. सर हसले नाहीत. वर्गभर माझ्याकडं बघितलंही नाही. जाताना फक्त विचारलं, "तुमचा आखाडा फाट्यापासून कोणत्या अंगाला?"

*

रविवारी दुपारी आखाड्याच्या वाटेवर मोटारसायकलचा आवाज आला.

आईचा हात परातीतच थांबला. अण्णा काठी घेऊन उठले. आमच्याकडं रविवारचं कोण येणार? मी देवघराच्या दारात उभी होते, आणि मला हाकही मारता येत नव्हती. रविवारी माझं मौन असतं. सकाळच्या पूजेपासून दिवेलागणीपर्यंत. चार वर्षांचा नेम. मौनात मी खुणाही करत नाही. खूण म्हणजेसुद्धा बोलणंच.

उसाच्या आडून गाडी बाहेर आली. अंगदसर होते. इस्त्रीचा पांढरा सदरा, भांग पाडलेला, आणि चेहरा परीक्षेला बसलेल्या पोरासारखा.

"तुमीच का ते कासरेवाले मास्तर?" अण्णांनी काठी खाली ठेवली. पण पुरती नाही.

"व्हय. ते... मॅडमना धरायला सांगितलं ते चुकलं का बरोबर, मला ठावं न्हाई. जोखीम होती. तुमच्याम्होरं येऊन सांगावं म्हणून आलो."

"तुमी न्हाई सांगितलं. तिनंच शोधलं म्हणून बोलली ती." अण्णांनी त्यांना खालीवर न्याहाळलं. "बकऱ्या किती?"

"चाळीस."

"हं." अण्णांनी काठी भिंतीला लावली. "बसा. मी जरा बकऱ्यांना पाणी दावून येतो." आईलाही अचानक चुलीतलं लाकूड आठवलं.

ओट्यावर आम्ही दोघंच उरलो. ते खाटेच्या कडेवर, मी दारात. त्यांनी किल्ली खाटेवर ठेवली, उचलली, पुन्हा ठेवली.

"त्या शुक्रवारी मी फाट्याच्या पलीकडं उभा होतो," ते म्हणाले. "यायला उशीर झाला. पोचलो तवा बायका जमल्या होत्या. तुमचा हात... तुमचा हात त्या बाहीवर दिसत होता. मी म्होरं आलो न्हाई. तुमी केलतं ते. मी आलो असतो तर लोक म्हणले असते, मास्तरनं सोडवलं."

मी बघत राहिले.

"मला आजवर लोक काय म्हणतील, ह्याचं भ्या वाटायचं. आता दुसरंच वाटतंय. तुमी रोज त्या वाटंनं येणार. त्याचे लोक गप बसणार न्हाईत. मला रात्री झोप न्हाई. मी तुमच्या वाटंत आडवा न्हाई येणार, नोकरी सोडा म्हणणार न्हाई... पण त्या वाटंनं तुमच्या संगं चालायचा हक्क मिळाला तर..." ते थांबले. घाम पुसला. "मॅडम, मला तुमी लई आवडता. बोर खाताना तोंड वाकडं केलं ना, तवापासनं."

ओठ उघडले होते माझे. दाबून धरले. देवी, आजच? सहा वार सोडून आजच?

ते वाट बघत होते. एक शेळी ओरडली. आत आईच्या बांगड्या वाजायच्या थांबल्या होत्या.

"बरं," शेवटी ते म्हणाले. चेहरा पांढरा पडला होता. "कळलं. माझंच... चुकलं. आणूच नये मनात. बुधवारी काही बोलणार न्हाई मी." आणि उठले.

ते किल्लीकडं वळायच्या आत मी ती उचलली. आत गेले, देवीच्या पाटावर ठेवली, आणि देवघराच्या उंबऱ्यावर मांडी घालून बसले. ही खूण झाली की काम, ते देवीनंच ठरवावं.

ते दारात येऊन थबकले. "मॅडम... किल्ली?"

मी समईकडं बघत बसले.

"अवं, तिचं मौन हाय!" चुलीपाशी आईला राहवलं नाही. "दिवेलागणीपस्तोर बोलत न्हाई ती. देवानं हाक मारली तरीबी न्हाई. बसा तुमी, भाकरी टाकते."

ते उभ्या जागी खाली बसले. हसले की रडले, मला कळलं नाही; तोंड दस्तीत झाकून घेतलं होतं. मग बसून राहिले. एक तास. दोन तास. अण्णा आले, बकऱ्यांच्या गोष्टी झाल्या, भाकरी झाली. ऊन ओट्यावरून उतरून अंगणात गेलं, अंगणातून बांधावर. वाटेवर लांब कुठंतरी एक गाडी गेली. आम्ही चौघांनीही माना वर केल्या, आवाज विरेपर्यंत कुणी घास गिळला नाही. ती आमच्या वाटेला वळली नाही.

तिन्हीसांज झाली. मी हातपाय धुतले, समई लावली. या वेळी एकाच काडीत पेटली. नमस्कार केला. किल्ली उचलून बाहेर आले आणि त्यांच्या तळहातावर ठेवली. माझी बोटं त्यांच्या बोटांना लागली. कुणीच हात मागं घेतला नाही.

दिवसभराच्या गप्पपणानं माझा आवाज बसला होता.

"शनिवारी या," मी म्हटलं. "आईंना घेऊन. रविवारी मला बोलता येत नाही."